कळा सुरू झाल्यापासून सव्वा महिन्यापर्यंत: सोबतीच्या माणसानं काय करायचं

सातारा-सांगलीकडं पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरीच होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की लेक येते, पण तिची नोंद सासरच्या उपकेंद्रातच राहते. गोंधळाला सुरुवात इथंच होते. रात्री दोनला कळा सुरू झाल्या की रक्तगट कोणता, शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं, सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) वर होती की खाली, यातलं काहीच माहेरच्यांना सांगता येत नाही. म्हणून लेक आली की त्याच आठवड्यात माहेरच्या आशाताईंना कळवा, माता बाल संरक्षण कार्ड दाखवा आणि पुढची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या.

हा लेख मुख्यतः तिच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण आत ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ साली मान्यता दिली. सतत कुणीतरी सोबत असेल तर बाळंतपण थोडं लवकर आटपतं आणि सिझेरियनची वेळ कमी येते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. मात्र एकच माणूस ठरवा, आणि ते आधीच ठरवा. आई, बहीण, जाऊ, सासू कुणीही चालेल. तिला स्वतः बाळंतपणाचा अनुभव असावा, सर्दी-खोकला नसावा आणि घाबरून रडायची सवय नसावी. दाराबाहेर आठजण बसले तरी आतलीला त्यांचा उपयोग शून्य. उलट दर दहा मिनिटांनी ‘झालं का?’ विचारणारे असले तर ताणच वाढतो.

नववा लागायच्या आत

आधी अंतर मोजा. नुसते किलोमीटर नकोत, रात्रीच्या वेळी पावसात किती वेळ लागतो ते बघा. जत तालुक्यातल्या उमदीकडून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढं पडतं. बामणोली-तापोळ्याकडच्या, शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना लाँचशिवाय जमत नाही, आणि पावसाळ्यात, वारा-धुक्यात तिचा भरवसा धरता येत नाही. पाटण खोऱ्यात दरड आली की रस्ताच तुटतो. कृष्णाकाठी पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय. अशा ठिकाणी जुलै-ऑगस्टमधली तारीख असेल तर दोन-तीन आठवडे आधीच दवाखान्याजवळच्या पाव्हण्यांकडं मुक्काम हलवायचा. पाणी चढल्यावर नावेतून नेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

ऊसतोडीवर गेलेल्या बायांनी कार्ड, रिपोर्ट आणि आधारची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम जवळ ठेवावी. तोडीच्या गावातल्या आशाताईंना आल्या दिवशीच भेटावं. नोंद दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी उपचार नाकारता येत नाहीत.

गाडीसाठी दोन नंबर पाठ करा. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला-आणायला १०२, आणि जिवावरचं असेल तर १०८. दोन्ही फुकट. तरीही गावातल्या एका जीपवाल्याशी आधी बोलून ठेवा, कारण डोंगरात रेंज जाते आणि कधी कधी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरी परतायची गाडी हे सगळं मोफत आहे. जेवणही मिळतं, साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस.

रक्ताचं बघा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका, आणि तेही बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं असा धोका. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. हे कार्डावर लाल पेननं लिहून ठेवा.

पिशवीत काय असावं: कार्ड आणि सगळे रिपोर्ट, आधार, तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅडची दोन पाकिटं, धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या मऊ सुती लुगड्याचे चार-पाच तुकडे, बाळाला चार झबली, दोन टोपडी, पायमोजे, डझनभर लंगोट, दोन दुपटी, थर्मास, पेला, वाटी-चमचा, चार्जर, टॉर्च. सोबतीणीनं नखं कापून यावं आणि अंगठ्या-बांगड्या घरी ठेवाव्यात. पाठ चोळताना आणि बाळाला हाताळताना त्या लागतात.

खऱ्या कळा कशा ओळखायच्या

शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होतं. चाललं, कूस बदलली, पेलाभर पाणी प्यायलं की ते जातं. या खोट्या कळा. खऱ्या कळा कमरेतून सुरू होऊन पुढं ओटीपोटाकडं येतात, झोपून किंवा चालून थांबत नाहीत, आणि तासागणिक त्यांचं अंतर कमी आणि जोर जास्त होत जातो. चिकट, रक्ताच्या रेषा असलेला स्राव गेला तर गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हायला लागलंय एवढंच समजायचं. त्यानंतर कधी तासात, कधी तीन दिवसांनी कळा लागतात.

वेळ मोजताना बहुतेकजण चुकतात. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मोजायचं. कळ संपल्यापासून मोजलं तर एक मिनिट कमी भरतं आणि उगाच धावाधाव होते. कागदावर लिहा: २.१०, २.१६, २.२१. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत असतील तर निघायचं. दुसरेपणी एवढं थांबू नका, दहा मिनिटांवर आल्या की गाडी बोलवा. दवाखाना दीड-दोन तासांवर असेल तर पहिलटकरणीलाही हेच लागू.

पुढच्या गोष्टींत कळा मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं:

– पाणमोट फुटली, मग कळा असोत-नसोत. पाणी कधी गेलं ती वेळ आणि रंग लिहा. पाणी स्वच्छ असेल तर घाबरायचं नाही, पण निघायचंच. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळानं पोटात शी केलीय. पॅड लावा, बोट घालून काही बघू नका.
– पाण्यासोबत नाळ बाहेर दिसली. तिला गुडघे-कोपरांवर, ढुंगण वर आणि छाती खाली अशी ठेवा, नाळेला हात न लावता १०८ बोलवा.
– पाळीसारखं लालभडक रक्त जातंय.
– बाळाची हालचाल कमी वाटतेय. जेवून डाव्या कुशीवर झोपायचं, दोन तासांत दहा हालचाली मोजल्या गेल्या नाहीत तर थांबायचं नाही.
– जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, हातापायाला झटके.
– ३७ आठवड्यांच्या आत कळा, आधीचं सिझेरियन, बाळ पायाळू.

कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल पाजू नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि ऐन वेळी तिच्यात ताकद उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे गावातल्या कुणाकडून घरी घेतलेलं कळांचं इंजेक्शन. मोजमापाशिवाय दिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटतो. दवाखान्यात हेच औषध सलाइनमधून थेंब मोजून आणि बाळाचे ठोके ऐकत देतात.

कळांचे तास

पिशवीचं तोंड १० सेंटिमीटर उघडायचं असतं. पहिल्या ५ सेंटिमीटरला पहिलटकरणीचा अख्खा दिवसही जातो, आणि ते बिघडल्याचं लक्षण नाही. सकाळी ‘दोन बोटं’ आणि दुपारी पुन्हा ‘तीनच’ ऐकलं की घरच्यांचं तोंड उतरतं, आणि ते बघून तिचं. सोबतीणीनं आकडे ऐकावेत, पण तिच्यासमोर त्यांचा हिशेब मांडू नये.

या काळात तिला आडवी पाडून ठेवू नका. चालू द्या, भिंतीला टेकून उभं राहू द्या, खाटेच्या कठड्याला धरून कंबर गोल फिरवू द्या, उशीला मिठी मारून गुडघ्यांवर बसू द्या. उभं-बसतं राहिलं की बाळाचं वजनच तोंड उघडायला मदत करतं. थकली तर डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. उताणं झोपवलं तर बाळाच्या वजनानं मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, चक्कर येते, बाळाचे ठोके घसरतात.

दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी, ताक किंवा लिंबू सरबत. डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं नसेल तर तांदळाची पेज, मऊ भात, केळं, दोन-चार खजूर. तूप-साखर, लाडू असलं जड काही नको, ओकारीत सगळं जातं. दर दोन तासांनी लघवीला न्यायचंच. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं, आणि कळांच्या गडबडीत तिला ते कळतही नाही.

श्वासाचं असं. कळ चढायला लागली की नाकानं चार मोजत आत, तोंडानं सहा ते आठ मोजत बाहेर, ओठ फुंकर घालावी तसे. मिनिटभराच्या कळेत असे पाच-सहा श्वास बसतात. म्हणजे तिला सांगता येतं, ‘हा तिसरा, आता उतरतीला लागली.’ तुम्हीही तिच्याबरोबर तसाच श्वास घ्या, ती ऐकून धरते. ओरडावंसं वाटलं तर ओरडू द्या, फक्त खालच्या, घोगऱ्या सुरात. किंचाळलं की गळा आवळतो, खांदे आवळतात, मग खालचं अंगही आवळतं. तिचा जबडा आणि मुठी बघत राहा. घट्ट दिसल्या की तळव्यावर बोट फिरवून सैल करा.

कमरेत कळा असतील तर माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळव्याचा मनगटाकडचा भाग ठेवून कळ असेपर्यंत सरळ दाब द्या. चोळू नका, नुसता दाब. ‘अजून जोरात’ असं ती स्वतःच सांगेल. तुमचे हात भरून येतात, त्यामुळे उभं राहून, अंगाचं वजन टाकून द्यायचा. दोन कळांच्या मध्ये गरम पाण्यात पिळलेला टॉवेल कमरेवर ठेवा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून.

पिशवीचं तोंड ८ ते १० सेंटिमीटरच्या मधे असताना अंग थरथरतं, ओकारी येते, पाय गार पडतात आणि बाई म्हणते, ‘मला नाही जमायचं, मला घरी न्या.’ ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. खरं तर आता थोडंच राहिलंय, ही त्याची खूण. तिच्या तोंडासमोर या, नाव घेऊन हाक मारा, ‘माझ्याकडं बघ, एवढी एकच कळ’ इतकंच बोला. ‘आम्ही नाही का सोसलं?’ हे वाक्य त्या खोलीत कुणीही उच्चारू नये.

जोर कधी करायचा

पूर्ण उघडल्याशिवाय जोर नाही. आधी केला तर पिशवीच्या तोंडाला सूज येते आणि काम लांबतं. उघडल्यावर शी लागल्यासारखी आतूनच कळ येते, तेव्हा हनुवटी छातीकडं, पाच-सात सेकंदांचा जोर, श्वास, पुन्हा जोर. चेहरा निळा होईपर्यंत श्वास कोंडून धरायचा नाही. पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत, पुढच्या वेळी दोन तासांपर्यंत लागू शकतात. डोकं दिसायला लागलं की सिस्टर ‘थांब’ म्हणतील. तेव्हा हा-हा-हा अशी धाप टाकायची. डोकं सावकाश आलं तर कातडी ताणायला वेळ मिळतो, फाटणं कमी होतं.

कुणी वरून पोट दाबायला आलं तर नम्रपणे पण ठाम नको म्हणा. त्यानं पिशवी फाटण्याचा, बाळाला आणि आईच्या खालच्या अंगाला इजा होण्याचा धोका असतो. बाळाची वाट मोठी करायला खाली छेदही सरसकट द्यायचा नसतो. गरज कशी आहे ते विचारायचा तिला हक्क आहे.

बाळ रडलं की बाळ पुसून, उघड्या छातीवर, वरून दुपटं. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापली तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं. आईला मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, रक्तस्राव त्यानं आटोक्यात राहतो. वार साधारण अर्ध्या तासात पडते. ती ओढून काढायची नसते.

सोबतीणीचं खरं काम आता सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच ती पेढ्यांच्या मागं लागते. पहिले दोन तास पॅड बघत राहा. पॅड पंधरा-वीस मिनिटांत भिजलं, रक्ताची धार लागली, लिंबाएवढी गाठ पडली, ती घामेजली किंवा ‘मला कसंतरी होतंय’ म्हणाली, तर तिथल्या तिथं सिस्टरना हाक मारा. अर्धा लिटर रक्त गेलं की धोका सुरू होतो, आणि पांघरुणाखाली ते दिसत नाही. बेंबीजवळ पिशवी नारळासारखी टणक लागायला हवी. सहा तासांच्या आत लघवी झालीच पाहिजे. साध्या बाळंतपणालाही ४८ तास दवाखाना सोडू नका.

चीक आणि दूध

पहिल्या तासात बाळ छातीला. घट्ट पिवळा चीक चमचाभरच येतो आणि बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी मावतोही तेवढाच. तो पिळून टाकायचा नाही. मध, गुळपाणी, घुट्टी, गाईचं दूध यातलं काहीही नको. मधातून बाळाला बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं की मगच छातीला लावा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसला पाहिजे. पाजताना सतत चिमटा बसल्यासारखं दुखत असेल तर पकड चुकलीय. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवा आणि पुन्हा लावा. सिझेरियनवालीनं कुशीवर झोपून पाजावं, टाक्यांवर भार येत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा.

‘दूध पुरत नाही’ ही घरोघरची ओरड, आणि त्यावरून पावडरच्या दुधाचा डबा आणला जातो. रडणं मोजू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट होऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन आधी थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माएवढं परत येतं. एवढं जुळलं तर दूध पुरतंय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगड होते. पाजण्याआधी गरम शेक, थोडं हातानं काढून मऊ करायचं, पाजल्यावर गार फडकं. एका बाजूला लाल गोळा आणि ताप आला तर दवाखाना, पण पाजणं चालू.

सव्वा महिना: कोणतं ठेवायचं, कोणतं सोडायचं

विश्रांती, तेल-मालिश, हलकं गरम जेवण, पाहुण्यांना मज्जाव, हे जपण्यासारखंच. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, शेपूची भाजी, शाळूची भाकरी, बाळंतशेपा खुशाल द्या. नुसत्या लाडवांवर भागत नाही, डाळ, उसळ, अंडं, हिरवी भाजी रोज हवी. पाणी तोडायची रीत मात्र पूर्ण सोडा. ‘पोट सुटतं’ म्हणून पाणी कमी दिलं की लघवीला जळजळ, शीला खडा आणि टाक्यांना ताण. लोहाची गोळी रोज एक, कॅल्शियमच्या दोन, सहा महिने. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, मधे दोन तास सोडा.

बंद खोलीत खाटेखाली पेटत्या कोळशाची शेगडी ठेवणं ही जिवावर बेतणारी गोष्ट. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आई आणि बाळ झोपेतच जाऊ शकतात. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाजवळ नको.

बाळाला पहिले २४ तास आंघोळ नाही. बेंबीला हळद, तेल, राख, पावडर काहीच नाही, कोरडी ठेवली की बहुधा पंधरा दिवसांच्या आत नाळ गळते. सांगलीची हळद कितीही शुद्ध असो, ती भाजीत. डोळ्यांत काजळ नाही, नाकाकानात तेलाचे थेंब नाहीत.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. येत नसतील तर फोन करा. त्यांची वाट न बघता कधी जायचं ते असं: आईला १००.४ च्या वर ताप, वास येणारं अंगावरून जाणं, तासाला एक पॅड भिजणं, पोटरी एका बाजूला सुजून दुखणं, डोकेदुखी आणि अंधारी. रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतात. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत, प्यायला उठत नाही, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेलं, तर त्याच क्षणी.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती कारणाशिवाय रडेल. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं असेल तर कारणही असेल, आणि ते तोंड खोलीबाहेर ठेवणं सोबतीणीच्याच हातात. हे रडणं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढं टिकलं, झोप मिळत असून झोप लागत नसली, बाळाकडं बघावंसं वाटत नसलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. ‘मला नाही जगायचं’, ‘बाळाला काहीतरी करीन’ असं म्हणाली किंवा भलतंच काही दिसू-ऐकू यायला लागलं, तर तिला एकटी न सोडता लगेच दवाखान्यात.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत. जन्मतःच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या तीन लसी कार्डावर चढल्यात का ते दवाखाना सोडतानाच बघा, पुढच्या दीड महिन्याला. त्याच दिवशी आईची ४२ व्या दिवसाची तपासणी होते आणि पुढचं मूल लांबवायचं बोलणंही. पाजणाऱ्या आईला सहा महिन्यांच्या आत नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, तांबी किंवा अंतरा इंजेक्शनचं विचारा. सासरी परतायची तारीख याच्या नंतरची धरा, आणि निघताना कार्ड बाळंतविड्याच्या गाठोड्यात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.